हे हसू धरू नये

"सर जित्ते हायेत तोवर मराची सोय नाही," असं कामरगावात लोक सरांच्या तोंडावर म्हणत, आणि सरांचा चेहरा जरासुद्धा हलत नसे. त्यामागचं कारण असं, की आमच्याकडं चितेला अग्नी दिला की तिथंच, स्मशानभूमीतल्या टिनाच्या शेडखाली शोकसभा होते. चार जण बोलतात, मग दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि घरी जायचं. 'आमच्याकडं' असं मी आता सहज लिहून गेलो, पण मी मूळचा सांगलीकडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून इकडं आलो, सरांच्या माडीवर भाड्यानं राहिलो आणि हळूहळू इथलाच झालो. तर त्या शोकसभेत सगळ्यात शेवटी सर बोलत. सर म्हणजे हायस्कूलमधले निवृत्त विज्ञान शिक्षक. उंच, वाळके, पांढरा बुशशर्ट, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्यालाही आपल्यालाच बोलतायत असं वाटावं.

लोकांना धास्ती होती ती सर खोटं बोलत नसत याची. स्मशानातही नाही.

मी ऐकलेलं त्यांचं पहिलं भाषण एका तापट म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेतलं. सर उभे राहिले आणि अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले, "मयत व्यक्तीस मनमिळाऊ म्हणण्याची प्रथा आहे. हे मनमिळाऊ नव्हते. यांचे शेजाऱ्याशी बोलणे नव्हते आणि त्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशीही नव्हते." मी घाबरून इकडंतिकडं पाहिलं. कुणीच हललं नाही. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. "परंतु पाण्याची टंचाई असताना यांनी आपल्या विहिरीचे फाटक कधी लावले नाही. मी त्या रस्त्याने रोज जात होतो. मी पाहिले आहे." एवढं बोलून सर बसले. आणि तो अबोला धरलेला शेजारी उपरण्यात तोंड घालून रडायला लागला. त्या दिवशी मला कळलं की गावाला सर का लागतात. त्यांनी सांगितलेली एकच चांगली गोष्ट असे, पण ती खरी असे, आणि घरचे लोक पुढं वर्षानुवर्षं ती पाहुण्यांना सांगत.

सरांचा खरा विषय मेंदू. शिकवायला दहावीपर्यंतचं विज्ञान होतं, पण प्रकाशाचं परावर्तन चाललेलं असो की बेडकाची पचनसंस्था, सर शेवटी मेंदूवर येत. स्वतःच्या कपाळावर बोटानं टकटक करून म्हणत, "ब्रेक इथं हाय." राग, भीती, रडू, हे सगळं आत खोलवर तयार होतं, ते थांबवता येत नाही, पण कपाळामागचा भाग त्याला सांभाळून घेतो, आणि त्या भागाला जागं करायचं तर जे होतंय त्याचं नाव तोंडानं घ्यायचं, अशी त्यांची शिकवण. दोन पोरं मारामारी करताना सापडली की सर त्यांच्या कॉलरी धरून मधे उभे राहत.

"तुले काय होऊन राह्यलं?"

"सर, यानं माया पेन..."

"पेनचं मंग पाहू. तुले काय होऊन राह्यलं ते सांग."

"राग येऊन राह्यला."

"कुठी?"

"पोटात."

"किती?"

पोरगं विचारात पडे. विचारात पडलं की निम्मा राग तिथंच निवायचा आणि उरलेल्या निम्म्यात मारामारी करण्याइतकी मजा नसायची.

ही पोरं आता बाप्ये झालीत, काही तर आजोबा झालेत, आणि त्यामुळं कामरगावातल्या भांडणांना एक चाल आली आहे. नवीन आलो तेव्हा बसस्टँडवर दोन जीपवाले एका सवारीवरून एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिलेले मी पाहिले. आता डोकी फुटणार म्हणून मी मागं सरलो. तर एक म्हणाला, "हे पाय, मले तुया राग येऊन राह्यला." दुसरा म्हणाला, "मलेबी येऊन राह्यला." पहिल्यानं विचारलं, "कुठी?" दुसरा जरा थांबून म्हणाला, "छातीत." मग दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि आपापल्या जीपकडं गेले. सवारी तोवर एस.टी.नं निघून गेली होती. आठवडी बाजारात मी वांग्यांच्या भावावरून घासाघीस करत होतो तेव्हा भाजीवाल्या बाईनं पदर खोचत शांतपणे सांगितलं, "मास्तर, मले तुमचा कंटाया येऊन राह्यला." मी मुकाट वांगी घेतली.

सरांच्या आयुष्यात एकच माणूस असा होता की ज्याच्यावर या शिकवणीचा काही परिणाम झाला नव्हता. ते म्हणजे कंडक्टरकाका. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त झाले. बुटके, गोल, आणि बोलायला लागले की हात, मान, भुवया सगळं बोलायचं. सर आणि ते एका बाकावर शिकलेले. रोज संध्याकाळी बसस्टँडजवळच्या गफूरचाचा टेलरच्या दुकानापुढं एका बाकड्यावर दोघं बसत. कंडक्टरकाका किस्से सांगत, गफूरचाचा शिलाई मशीन थांबवून हसत, रस्त्यानं जाणारे थांबून हसत. सर हसत नसत. ते तिरसट नव्हते, आंबट नव्हते. त्यांना हसू येत नव्हतं, एवढंच.

दोघांचा एक करार होता. जो मागं राहील त्यानं पुढं गेलेल्याच्या शोकसभेत बोलायचं. कंडक्टरकाकांची त्यात एक अट होती.

"माया टायमाले एवढंच म्हणजो, यानं मले एक डाव हसवलं."

"हसवलं तं म्हणीन," सर म्हणत.

"अन् नाही हसवलं तं?"

"तं नाही म्हणणार."

"खोटं बोलला तं काय बिगडते बे? मी काय ऐकाले राहीन?"

"बाकीचे राह्यतीन ना."

म्हणजे मग हसवणं आलं. कंडक्टरकाका चाळीस वर्षं त्या मागं लागले होते. त्यांचा हुकमी किस्सा मी स्वतः इतक्यांदा ऐकलाय की तो माझ्यावरच घडला असं कधीकधी वाटतं.

"लग्नसराईचे दिवस," ते सुरू करत. "गाडी गच्च. फाट्यावर मी चहा प्याले उतरलो. आतमंदी एक पाव्हणा, ओला दुपट्टा घेऊन बसेल. त्याले वाटलं, ही वरची दोरी कपडे वाळू घालाले बांधेल हाय. त्यानं दुपट्टा टाकला. टण. एक बेल. मंग तो नीट पसरवला. टण. दुसरी बेल. डबल बेल झाली, ड्रायव्हर निंगाला. मी कप हातात घेऊन पाहूनच राह्यलो. मंग जीप पकडली, म्हटलं हाण भाऊ, अन् शेतातल्या रस्त्यानं गाडीच्या आंधी पुढच्या फाट्यावर येऊन उभा राह्यलो. गाडी आली. मी हात केला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात हालवला, 'जागा नाही, मागच्या गाडीनं या,' अन् निंगून गेला."

गफूरचाचा इथं कापडात तोंड लपवत. सर मात्र समोर बघत म्हणत, "असं होत नसते."

"झालं ना बे, मायावर झालं."

"ड्रायव्हर आरशात पाह्यते. गाडी कंडक्टरले सोडून जात नसते. अन् दुपट्टा ओला काहून होता?"

दर वेळी हाच प्रश्न. कंडक्टरकाका कपाळावर हात मारून घेत आणि दुसऱ्या दिवशी नवा किस्सा घेऊन येत.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी पेपरची घडी घालताना हातातून पेपर पडला आणि सर त्याच्यावर पडले. अकोल्याला नेलं. बरेच दिवस दवाखान्यात काढून परत आले ते उजव्या पायानं जरा लंगडत, डाव्या हातात काठी घेऊन, पण बोलणं ठणठणीत. आम्हाला वाटलं, सुटले.

आल्यावर पहिल्यांदा बाकड्यावर आले त्या संध्याकाळी मी बरोबर होतो. कंडक्टरकाकांनी हात धरून त्यांना बसवलं आणि विचारलं, "कसं वाटते आता?"

आणि सर हसले. नुसते हसले नाहीत, खो खो हसले, मान मागं टाकून, दात दाखवून. सरांना इतके दात आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कंडक्टरकाका आधी दचकले, मग उठून उभे राहिले आणि हात वर करून नाचायलाच लागले. "हसला. गफूरभाई, हसला. चहा सांग सगळ्याईले." चहा आलासुद्धा. सरांचं हसू एकदम थांबलं, कुणी बटण बंद करावं तसं, आणि त्यांनी डोळे पुसले.

"हे नाही," ते म्हणाले. "हे मी नाही हसलो."

"मंग कोण हसलं?"

सरांनी गफूरचाचांच्या मेजावरचा टेलरचा खडू उचलला आणि समोर पसरलेल्या काळ्या कापडावर भलं मोठं डोकं काढलं. "हसाचं अन् रडाचं यंत्र इथं खाली, मानेच्या वर. ते कधीबी तयारच राह्यते. कपाळातून त्याले सारखं सांगणं चालू असते, आता नको, इथं नको, एवढं नको. ते सांगणं ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवरच मले झटका बसला. आता ते यंत्र आपल्या मनानं चालते. तोंड हसते, पण आतमंदी काहीच नाही. गंमत नाही, काही नाही."

गफूरचाचा म्हणाले, "सर, वो सर्कल साहेब की पँट है."

कंडक्टरकाकांना काही पटलं नव्हतं. तेव्हा सरांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. "खाली ड्रायव्हर. वर कंडक्टर. मधात घंटीची दोरी. दोरी तुटली."

"मंग गाडी उभी राह्यली पाह्यजे," कंडक्टरकाका म्हणाले. "डबल बेल नाही तं गाडी हालतच नाही."

"तुयी गेली होती का नाही बिगर कंडक्टरची?"

"तू तं म्हणे, असं होत नसते."

"गाडीत होत नसते. डोक्यात होते."

कंडक्टरकाका खाली बसले. सांगितलेले चहा आम्ही प्यायलो. मला त्या माणसाची दया आली. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि ते मोजायचंच नव्हतं.

पण सरांची अडचण त्याहून मोठी होती. आत काही नसताना हसणं म्हणजे त्यांच्या लेखी खोटं बोलणं, आणि ते आता दिवसातून कितीदाही व्हायला लागलं. त्यावर त्यांनी उपाय काढला. खोटं हसू किंवा खोटं रडू आलं की ते उजव्या हाताचं बोट सरळ वर करत. अर्थ असा की हे धरू नका. तोंड हसतंय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि बोट छताकडं, अशा अवस्थेत सर बसून राहत. ते ओसरलं की बोट खाली घेऊन बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं चालू. गावाला हे कळावं म्हणून कंडक्टरकाकांनी घंटागाडीवाल्याला गाठलं. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी कचरा घ्यायला गाडी आली की भोंग्यावर ऐकू येई, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा ठेवावा. तसेच गावकऱ्यांना कळविण्यात येते की सरांना आजारामुळे कुठेही हसू अथवा रडू येऊ शकते. बोट वर असल्यास ते धरू नये."

घरी सरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, वेगळीच तऱ्हा झाली. सर जेवताना कधी चांगलं-वाईट म्हणत नसत. आता वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि घळघळा रडायला लागले, बोट वर. काकू हातात पोळी घेऊन बघत राहिल्या. "एखाद्या बारीले बोट नका करू वर," त्या म्हणाल्या. "काय बिगडते?"

"खोटं होते."

"माया सैपाकाच्या बाबतीत चालते."

सरांनी बोट तसंच ठेवलं. पण मी एक सांगायला हवं. माझ्या मुलीच्या जन्माचे पेढे द्यायला मी खाली गेलो तेव्हाही सर असेच रडले, बोट वर करून. मी समजून घेतलं आणि वर जायला निघालो. जिन्यात असताना त्यांनी हाक मारली. डोळे कोरडे झाले होते. "मास्तर, मघाचं धरू नका. पण मले आनंद झाला. छातीत. तो आता सांगून राह्यलो." मला त्या पेढ्याचं इतकं चीज दुसऱ्या कुणी केल्याचं आठवत नाही.

स्मशानात मात्र घात झाला. एका अंत्ययात्रेत सर नेहमीप्रमाणे आले होते. दोन मिनिटांच्या शांततेत, डोकी खाली घालून सगळे उभे असताना, खदाखदा हसू ऐकू आलं. गावच्या लोकांनी डोळे न उघडताच ओळखलं. पण मयताचे जावई नागपूरकडून आलेले, त्यांनी काही घंटागाडी ऐकली नव्हती. त्यांनी पाहिलं ते असं, की एक म्हातारा सासऱ्याच्या चितेपुढं हसतोय आणि वर बोट करून आभाळ दाखवतोय. ते धावून आले. कंडक्टरकाका मधे पडले म्हणून निभावलं. सर घरी आले आणि काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "आता मी स्मशानात जात नाही. जाईन तं एकदमच जाईन."

त्यांच्या जागी एक तरुण वक्ता बोलायला लागला. गोड गळा, मोबाइलमधून शेरोशायरी. त्याच्या कारकिर्दीत गावातला प्रत्येक मयत मनमिळाऊ झाला. लोक ऐकत आणि घरी जात. पाहुण्यांना सांगण्यासारखं मागं काही उरत नसे. एकदा भर दुपारी एक विधवा बाई सरांच्या ओसरीवर येऊन बसली. नवरा जाऊन आठवडा झाला होता. बराच वेळ पदराशी चाळा करून ती म्हणाली, "सर, तुमी आले नाही. आता इथीच सांगा. ते चांगले होते का?" सर काठी टेकत तिच्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "शाळेत असताना त्यानं खिडकीची काच फोडली होती. कोणी पाह्यलं नव्हतं. तो आपला आपण येऊन सांगून गेला." बाई डोळे पुसत उठली आणि हलक्या पावलानं गेली. सर ती गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत तिच्याकडं बघत होते. आपलं काम आपल्यापासून गेलं याचं त्यांना फार लागलं होतं.

कंडक्टरकाकांना सरांहून जास्त घाई होती. त्यांना चालताना धाप लागत होती आणि डॉक्टरनं त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, ते त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. "दोरी बांधून घे बावा लवकर," ते सरांना म्हणाले. "मले टाईम नाही. तो मोबाइलवाला मायावर शायरी म्हणीन, मले ते चालत नाही."

म्हणून तालीम सुरू झाली, सकाळी सकाळी आमच्या गच्चीवर. कंडक्टरकाका खाटेवर आडवे पडत, डोक्यावरून पांढरी चादर घेत, आणि सर पायथ्याशी उभे राहून भाषण करत. पहिल्या दिवशी काकू वाळवण घालायला वर आल्या आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की शेजारचे शिडी लावून आले. चादरीतून कंडक्टरकाका म्हणाले, "वयनी, मी हावो, जित्ता हावो."

"भाऊजी, कायले असे अभद्र खेळ करता?"

"खेळ नाही वयनी, शाळा हाय."

आणि शाळाच होती ती. सर आता स्वतःचेच विद्यार्थी झाले होते. हसू येण्याआधी घशाशी काहीतरी हलतं, हे त्यांनी हेरलं. ते हललं की ते म्हणत, "येऊन राह्यलं." मग खांदे सैल सोडायचे, लांब श्वास बाहेर टाकायचा, नजर लांबच्या पाण्याच्या टाकीवर न्यायची आणि मनात सतराचा पाढा म्हणायचा. सुरुवातीला दोन वाक्यांच्या पुढं गाडी जात नव्हती. "मयत व्यक्तीस..." एवढ्यावर हसू फुटे. चादरीतून आवाज येई, "धरू का?" बोट वर जाई. "नाही." डॉक्टरच्या गोळ्याही चालू होत्या. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी सरांनी अख्खं भाषण न हसता, न रडता पुरं केलं. मी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरकाकांनी चादर बाजूला केली.

"अन् हसवल्याचं?"

"ते नाही त्यात."

"अजूनबी नाही?"

"अजून हसवलं नाही तू."

कंडक्टरकाका खाटेवर बसून पायानं चपला शोधत म्हणाले, "लय कडू हायेस बे." पण ते खूश होते. सर बोलणार एवढं तरी पक्कं झालं होतं.

गव्हाला पाणी सुरू झालं त्या दिवसांत कंडक्टरकाका गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठले नाहीत. सर त्यांच्या घरी जाऊन पायांशी बसले. मला म्हणाले, "दुःख होऊन राह्यलं." मी विचारलं नाही, कुठं. तेच म्हणाले, "सगयीकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्ययात्रा. गावाची शववाहिनी दारात लावली होती, मागून उघडणारी. एस.टी.तले कंडक्टरकाकांचे जुने सोबती आले होते, गल्ली भरली होती. मडकं, फुलं, हार, नवं कापड असं सामान कुणीतरी आधी मागं नेऊन ठेवलं. इकडं अंगणात तिरडी खांद्यावर घेतली. सामान पडू नये म्हणून एका जुन्या सोबत्यानं गाडीचं मागचं दार ओढून घेतलं आणि, जन्मभराची सवय, पत्र्यावर हातानं दोन थापा मारल्या.

शववाहिनी निघाली.

आम्ही सगळे तिरडी खांद्यावर घेऊन दारात उभे, आणि गाडी शांतपणे, भजन लावून, गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली. मग कुणी ओरडलं, कुणी फोन लावला. ड्रायव्हरनं प्रसंग ओळखून फोन बंद ठेवला होता. दोन पोरं मोटरसायकलनं मागं गेली. ती येईपर्यंत आम्ही तसेच उभे. त्या वेळी गल्लीत जे चाललं होतं ते मी विसरणार नाही. थोरला मुलगा रडत होता आणि त्याचे खांदे हलत होते, पण कशानं ते सांगता येत नव्हतं. गफूरचाचांनी अख्खा रुमाल तोंडात कोंबला होता. थापा मारणारा भिंतीकडं तोंड करून उभा होता. प्रत्येक जण आपापल्या कपाळामागचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबून धरत होता. मी सरांकडं पाहिलं. ते लांब श्वास सोडत होते, नजर टाकीवर होती आणि ओठ हलत होते. सतराचा पाढा.

गाडी परत आली. ड्रायव्हर खाली उतरला, तिरडी बघितली आणि कसनुसा होऊन म्हणाला, "मले डबल बेल भेटली ना."

स्मशानात अग्नी दिला. तो तरुण वक्ता मोबाइल काढून पुढं झाला, तेव्हा थोरल्या मुलानं त्याला हातानं थांबवलं. "सर बोलतीन. बाबांनी सांगून ठेवलं हाय." लोकांत चुळबुळ झाली. सर काठी टेकत शेडखाली आले. इथं जर ते हसू फुटलं तर सर पुन्हा कधी उभे राहणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं.

"मयत व्यक्तीस मनमिळाऊ म्हणण्याची प्रथा आहे," सर म्हणाले. "हे मनमिळाऊ होते. मला याचे नेहमी आश्चर्य वाटत आले. यांना दिलेला निरोप हे विसरत. यांना सांगितलेले गुपित संध्याकाळपर्यंत गावात होत असे. परंतु पावसात, जिथे स्टॉप नाही अशा ठिकाणी शेतातून एखाद्या बाईने हात केला, तर यांनी घंटी मारून गाडी थांबवली नाही असे कधी झाले नाही. मी यांच्या गाडीने अनेकदा गेलो आहे. मी पाहिले आहे."

आवाज स्वच्छ होता. तालमीतलं भाषण इथं संपत होतं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण सर खाली बसले नाहीत.

"हे एक गोष्ट सांगत," ते म्हणाले. "गाडी यांना सोडून पुढे निघून गेली, अशी. मी यांना म्हणत असे की असे होत नसते. गाडी कंडक्टरला सोडून जात नसते." ते थांबले. "आज..."

घशाशी काहीतरी हललं. मला ते दिसलं. सरांनी टाकीकडं पाहिलं नाही, श्वास सोडला नाही. त्यांनी चितेकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुटला. हसू आलं ते पोटातून, वाकवून टाकणारं, थांबता न थांबणारं. लोकांनी माना खाली घातल्या. मुलगा पुढं सरकला. आणि मग एकेकानं हळूहळू मान वर केली, कारण सगळ्यांनाच बघायचं होतं. आम्ही सगळे सरांच्या उजव्या हाताकडं बघत होतो.

हात खालीच होता. मांडीशी, सैल.

सर पोटभर हसले. मग बाहीनं डोळे पुसले, चितेजवळ दोन पावलं गेले आणि स्मशानात पहिल्यांदाच पुस्तकी मराठी सोडून म्हणाले, "धर बे. हे धर."